आपल्या मजकुराची नक्कल कशी शोधायची: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

शोधायला बसण्याआधी कोऱ्या कागदावर एक ओळ लिहा: मला नेमकं काय शोधायचं आहे? अख्खी फाइल जशीच्या तशी फिरते आहे का, एवढंच पाहायचं आहे? माझ्या अहवालातली चार पानं दुसऱ्याच्या अहवालात गेल्याची शंका आहे? कोणी शब्द बदलून, परिच्छेद वर-खाली करून तोच माल स्वतःचा म्हणून खपवतंय? की मोजक्या लोकांना दिलेला दस्तऐवज बाहेर फुटला आणि तो कोणाच्या प्रतीतून फुटला ते हवं आहे? या चारही प्रकारांना आपण ‘कॉपी’ म्हणतो, पण प्रत्येकाचं हत्यार वेगळं आहे. नवखे लोक इथेच फसतात. कुठल्यातरी ऑनलाइन तपासणीत मजकूर टाकतात, टक्केवारी बघतात आणि एक तर हादरून जातात, नाहीतर निर्धास्त होतात. या लेखात आपण टक्केवारीपर्यंत मुद्दाम उशिरा पोचणार आहोत.

आधी स्वतःची बाजू बांधा

नक्कल सापडल्यावर समोरचा पहिला प्रश्न करतो, ‘तुम्हीच माझं उचललं नाही कशावरून?’ त्याचं उत्तर तेव्हा शोधून चालत नाही, ते आधीपासून तयार असावं लागतं. बर्न करार (लेखकांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) मानणाऱ्या देशांत लेखनाचा हक्क लिहिल्याक्षणी मिळतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. पण लिहिलं कोणी आणि कधी, हे दाखवण्याचं काम आपल्यावरच येतं.

म्हणून कच्चे खर्डे फेकू नका. अंतिम प्रतीपेक्षा खर्डे जास्त बोलके असतात. खोडलेला परिच्छेद, बदललेला क्रम, समासातली टीप या गोष्टी नक्कल करणाऱ्याकडे नसतात. प्रत्येक टप्प्याची फाइल वेगळ्या नावाने ठेवा आणि अंतिम प्रत स्वतःलाच मेलने पाठवून ठेवा. फाइलच्या गुणधर्मांत दिसणाऱ्या तारखेवर मात्र विसंबू नका. ती कोणालाही बदलता येते, तुमच्या फाइलमधली आणि समोरच्याच्याही.

त्यासोबत फाइलचा हॅश काढून ठेवा. हॅश म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून गणिताने काढलेला ठसा. शा-२५६ ही पद्धत वापरली तर फाइल एका पानाची असो की हजार पानांची, ठसा ६४ चिन्हांचाच येतो, आणि एक स्वल्पविराम बदलला तरी तो पूर्ण पालटतो. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींत हे काढण्याची सोय मुळातच असते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. एमडी-५ आणि शा-१ या जुन्या पद्धती पुराव्यासाठी वापरू नका. २०१७ मध्ये संशोधकांनी शा-१ चा ठसा अगदी सारखा येणाऱ्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइल बनवून दाखवल्या होत्या.

पहिला प्रकार, म्हणजे अख्खी फाइल जशीच्या तशी फिरणं, एवढ्यावरच निकालात निघतो. दोन ठसे जुळले की फाइल तीच. पण उलट खरं नाही. वर्डची फाइल नुसती उघडून पुन्हा सेव्ह केली तरी ठसा बदलू शकतो, त्यामुळे ठसे जुळले नाहीत म्हणून नक्कल नाही असं समजू नका.

शोधयंत्राला काय विचारायचं

शोधासाठी लोक लेखाचं शीर्षक किंवा पहिलं वाक्य घेतात. नक्कल करणारा नेमकं तेच आधी बदलतो. मधल्या पानांवर जा. तिथून आठ ते दहा शब्दांचे पाच-सहा तुकडे निवडा आणि प्रत्येक तुकडा दुहेरी अवतरणचिन्हांत घालून शोधा, म्हणजे शोधयंत्र तो शब्दक्रम जसाच्या तसा शोधेल. तुकडा कसा निवडायचा, याची माझी कसोटी अशी: हे वाक्य याच विषयावर लिहिणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या हातून सहज उतरलं असतं का? उतरलं असतं, तर तो तुकडा सोडा. ‘या पार्श्वभूमीवर असे लक्षात येते की’ हे शब्द कोणाचेच नाहीत. तुमची एखादी खास उपमा, दोन सहसा एकत्र न येणारे शब्द, तुमच्याकडून राहून गेलेली एखादी चूक, हे तुकडे सोन्याच्या मोलाचे.

तेच तुकडे गूगल अलर्ट्समध्ये टाकून ठेवले तर नव्या पानांवर ते दिसताच मेल येऊ शकतो. मात्र शोधयंत्राला लॉगिनच्या आतलं, बंद गटांतलं, खाजगी ड्राइव्हवरचं दिसत नाही, आणि स्कॅन केलेल्या पानांतलं बरंचसं निसटतं. शोधात काही आलं नाही, याचा अर्थ एवढाच की शोधात काही आलं नाही.

मजकूर धुऊन घ्या

ही पायरी इंग्रजीत लिहिणाऱ्यांना थोडक्यात उरकता येते. मराठीत तिच्यावरच सगळं उभं आहे, म्हणून इथे थोडं थांबू या.

डोळ्यांना सारखे दिसणारे दोन मराठी शब्द संगणकाच्या लेखी वेगळे असू शकतात. ‘ॲ’ हे अक्षर घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या प्रत्येक अक्षराला एक ठरीव आकडा देणाऱ्या पद्धतीत, त्याला स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी, आणि अनेक कळफलकांवर त्यानंतरही, लोक ‘अ’ टंकून त्यावर चंद्र देतात. दिसतं तेच, पण आतले आकडे वेगळे. युनिकोडचं प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची ठरीव प्रक्रिया) चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत, त्यासाठी आपणच अदलाबदलीचा नियम लिहावा लागतो. ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ यांतला र सुद्धा दोन तऱ्हांनी टंकता येतो: एकात ‘ऱ’ हे अक्षर असतं, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि त्याच्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. भर म्हणून ‘संबंध’ आणि ‘सम्बन्ध’, देवनागरी अंक आणि रोमन अंक, सरळ अवतरणचिन्हं आणि वळणदार अवतरणचिन्हं, एका जागी दोन स्पेस. यांतला प्रत्येक फरक तुलनेत ‘वेगळा शब्द’ म्हणून मोजला जातो आणि खरीखुरी नक्कल निर्दोष ठरते.

म्हणून तुलना करण्याआधी दोन्ही मजकुरांच्या साध्या टेक्स्ट प्रती काढा आणि दोन्हींवर तेच संस्कार करा: न दिसणारी चिन्हं काढा, अंक एका लिपीत आणा, विरामचिन्हं उडवा, ‘ॲ’ आणि ‘ऱ’ची रूपं एक करा, ओळींची मोडतोड सरळ करा. नोटपॅड प्लस प्लससारख्या संपादकात शोधा-बदला वापरून हे सगळं जमतं. मूळ फाइलींना हात लावायचा नाही, हे काम नेहमी प्रतीवर करायचं.

जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर ही वेगळी डोकेदुखी. त्यात पडद्यावर देवनागरी दिसली तरी फाइलच्या पोटात रोमन अक्षरं असतात. तो आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो, नाहीतर कोणतंही यंत्र त्याला मराठी मानणार नाही. पीडीएफमधून मराठी कॉपी करून बघितली असेल, तर पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर बसलेली आणि जोडाक्षरं फुटलेली तुम्ही पाहिली असतीलच. अशा वेळी तो मजकूर दुरुस्त करत बसू नका. दोन्ही दस्तऐवजांच्या पानांची चित्रं काढा आणि दोन्ही एकाच ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या साधनातून, वाचून घ्या. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी वाचतं. ओसीआर चुका करतंच, पण दोन्हीकडे बहुधा सारख्याच करतं, आणि तुलनेला तेवढं पुरतं. स्वतःची चांगली टेक्स्ट फाइल हाताशी असली तरी तीही छापून याच वाटेने आणा, म्हणजे दोन्ही पारडी समान होतात.

तुकड्यांचं गणित

१९९५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सर्जी ब्रिन, जेम्स डेव्हिस आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी डिजिटल दस्तऐवजांची नक्कल पकडण्यासाठी ‘कॉप्स’ नावाची प्रणाली मांडली. यातले ब्रिन म्हणजे तीन वर्षांनी गूगल उभारणाऱ्या दोघांपैकी एक. मूळ दस्तऐवजाची वाक्यं सुटी करायची, प्रत्येक वाक्याचा ठसा नोंदवून ठेवायचा आणि नवा दस्तऐवज आला की त्याची वाक्यं त्या नोंदीशी ताडून बघायची, अशी ती रीत. कल्पना सरळ आहे, पण वाक्य कुठे संपतं हे यंत्राला कळणं अवघड. ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘इ. स.’ यांतल्या टिंबांवर ते अडखळतं. शिवाय लांब वाक्याचं एक टोक बदललं की अख्खं वाक्य निसटतं. म्हणून पुढे शब्दांच्या एकावर एक चढलेल्या तुकड्यांची पद्धत रुळली. आंद्रेई ब्रोडर यांनी १९९७ मध्ये अल्टाविस्टा या शोधयंत्रासाठी तीच वापरून वेबवरची जवळजवळ सारखी पानं हुडकली.

हे हाताने करून बघा, मग कुठलाही अहवाल वाचताना डोळे उघडे राहतात. मूळ वाक्य: ‘विहिरीचं पाणी उन्हाळ्यात आटतं तेव्हा तळाचा गाळ काढावा’. नक्कल: ‘विहिरीचं पाणी उन्हाळ्यात आटलं की तळाचा गाळ काढावा’. दोन्हींत आठ-आठ शब्द. सुटे शब्द मोजले तर सहा सामाईक आहेत आणि दोन्हींचे मिळून वेगवेगळे शब्द दहा, म्हणजे साम्य ६० टक्के. आता तीन-तीन शब्दांचे तुकडे करा: ‘विहिरीचं पाणी उन्हाळ्यात’, ‘पाणी उन्हाळ्यात आटतं’, असे प्रत्येक वाक्यातून सहा. त्यांतले फक्त पहिला आणि शेवटचा जुळतात. दोन्हींचे मिळून वेगळे तुकडे दहा, साम्य २० टक्के. वाक्यं तीच, नक्कल तीच, आकडा तिपटीने घसरला. तुकडा लहान घेतला तर सगळं जग एकमेकांची नक्कल करताना दिसतं, आणि फार मोठा घेतला तर दोन शब्द बदलणारा सुटतो. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, ‘विहिरीत’, ‘विहिरीला’, ‘विहिरीपाशी’ हे तीन वेगळे शब्द मोजले जातात, म्हणून मी तीन ते चार शब्दांच्या पुढे जात नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. साम्य आणि समावेश ही दोन वेगळी मापं आहेत. समजा तुमच्या पुस्तकातून ६,००० तुकडे निघतात आणि कोणी त्यांतले ३०० उचलून एक छोटा लेख केला, दुसरं काहीच घातलं नाही. दोन्ही दस्तऐवजांचं साम्य निघेल फक्त ५ टक्के. पण त्या लेखाचा किती भाग तुमच्यात सामावला आहे, असं विचारलं तर उत्तर १०० टक्के. वापरत असलेलं साधन यातलं कोणतं माप दाखवतं, हे कळल्याशिवाय आकड्यावर बोलूच नका.

मोठ्या संग्रहासाठी सगळे तुकडे साठवणं परवडत नाही, मग त्यांतले मोजके निवडून ठेवतात. २००३ मध्ये मांडलेल्या ‘विनोइंग’ या पद्धतीची खुबी अशी, की ठरवलेल्या लांबीपेक्षा मोठा सामाईक भाग तिच्यातून निसटूच शकत नाही, आणि वेगळ्या ठरवलेल्या एका किमान लांबीपेक्षा लहान योगायोगांचा गोंगाटही होत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रोग्रॅममधली नक्कल शोधणारी ‘मॉस’ ही सेवा याच पद्धतीवर चालते. आपल्यासारख्यांना दोन-चार दस्तऐवजांसाठी इतकं लागत नाही. वर्डमधलं ‘कंपेअर’, किंवा विनमर्ज आणि मेल्ड ही मोफत साधनं दोन मजकूर शेजारी-शेजारी ठेवून जुळणाऱ्या ओळी दाखवतात. परिच्छेदांचा क्रम बदललेला असेल तर ती गोंधळतात. तेव्हा एकेक परिच्छेद वेगळा काढून ताडा.

एक इशारा: गोपनीय किंवा अप्रकाशित मजकूर अनोळखी ऑनलाइन तपासणीत टाकू नका. काही सेवा आलेला मजकूर आपल्या साठ्यात ठेवून घेतात, आणि मग तुमचंच लेखन पुढच्या तपासणीत आधीच अस्तित्वात असलेलं म्हणून उमटतं.

यंत्र थांबतं तिथून पुढे

यंत्राने संशयित गोळा करून दिले की खरं काम सुरू होतं. दोन्ही मजकूर छापा, पेन्सिल घ्या आणि वाचा. जुळणाऱ्या जागांतून आधी निर्दोष जागा वगळा: नावानिशी दिलेली अवतरणं, कायद्याची कलमं, व्याख्या, विषयातल्या ठरीव शब्दजोड्या, दोघांनीही घेतलेला तिसरा स्रोत.

तिसऱ्या स्रोताने मला एकदा चांगलाच धडा दिला. एका माहितीपुस्तिकेत माझे तीन परिच्छेद जवळजवळ शब्दशः दिसले आणि मी तडक पत्र लिहायला घेतलं. पाठवण्याआधी जुन्या टिपणवह्या चाळल्या, तर ते परिच्छेद मीच एका जुन्या परिपत्रकावरून उतरवले होते. त्या पुस्तिकेच्या लेखकाने ते तिथूनच घेतले होते. पत्र फाडलं. पण ते गेलं असतं तर एका भल्या माणसावर मी चोरीचा शिक्का मारला असता, ही गोष्ट आजही टोचते.

निर्दोष जागा वगळून जे उरतं, त्यात चुका शोधा. हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणारे अभ्यासक हेच करत आले आहेत: दोन पोथ्यांत बरोबर ओळ सारखी असेल तर त्यातून काही ठरत नाही, पण एकाच जागी तीच चूक असेल तर एक पोथी दुसरीवरून, किंवा दोन्ही एकाच तिसरीवरून उतरल्या आहेत. तुमचं चुकलेलं पानक्रमांकाचं टाचण, बेरजेतली चूक, एका नावाचं चुकीचं लेखन समोरच्या मजकुरात जसंच्या तसं असेल, तर ते एक उदाहरण शंभर जुळणाऱ्या शब्दांपेक्षा भारी आहे. शब्द पूर्ण बदलले असतील किंवा मजकूर दुसऱ्या भाषेतून आला असेल, तेव्हा तर हाच आधार उरतो. सोबतीला उदाहरणांचा क्रम बघा, तुम्ही गाळलेल्या गोष्टी तिथेही गाळल्या आहेत का ते बघा, आणि संदर्भ तुमच्याच क्रमाने येतात का तेही.

फुटलेली प्रत ओळखायची असेल तर

याची तयारी दस्तऐवज वाटण्याआधी करावी लागते, नंतर काही करता येत नाही. प्रत्येकाला दिलेली प्रत किंचित वेगळी ठेवायची, एवढंच याचं मर्म. बेल लॅब्जमधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात ओळी इंचाच्या तीनशेव्या भागाइतक्या वर किंवा खाली सरकवून प्रत्येक प्रतीत खूण दडवली होती. झेरॉक्स काढल्यावरही ती वाचता येत असे. पण कोणी मजकूर पुन्हा टंकला की अशी खूण संपते. न दिसणारी युनिकोड चिन्हं पेरण्याचा सल्ला हल्ली बराच दिला जातो. मराठीसाठी मी तो देणार नाही. ती जोडाक्षरांचं रूप बिघडवतात, शोधात अडथळा आणतात आणि वर सांगितलेल्या धुलाईत पहिल्या झटक्यात उडतात.

टिकते ती शब्दांतली खूण. मजकुरात अशा जागा निवडा जिथे दोन पर्याय अर्थाला सारखेच चालतात: ‘परंतु’ किंवा ‘पण’, ‘सुमारे’ किंवा ‘जवळपास’, दोन उदाहरणांचा क्रम. पाच जागा घेतल्या तर ३२ वेगळ्या प्रती होतात. मात्र फुटताना अर्धंच पान फुटू शकतं, म्हणून त्याच खुणा पुढच्या पानांवर पुन्हा पेरा. कोणाला कोणती प्रत दिली याची वही स्वतःजवळ ठेवा. दोघांनी प्रती शेजारी ठेवल्या तर फरकाच्या जागा त्यांना कळतात आणि ते मिश्र प्रत बनवू शकतात. यावर गणिती तोड आहे, पण ती साध्या वाटपासाठी जड पडते. तेवढी जोखीम असेल तर प्रतीच कमी वाटा.

यादी, कोश, निर्देशिका अशा कामांत खोटी नोंद पेरण्याची जुनी चाल आहे. ती किती चालते आणि कुठे अडते, हे अमेरिकेतल्या एका खटल्यात दिसलं. रूरल या दूरध्वनी कंपनीने आपल्या निर्देशिकेत काही काल्पनिक नोंदी घातल्या होत्या. फाइस्ट या प्रकाशकाच्या निर्देशिकेत त्यांतल्या चार सापडल्या. नक्कल झाली यात शंका उरली नाही. तरीही १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फाइस्टच्या बाजूने दिला, कारण नावं आणि क्रमांक वर्णानुक्रमे लावण्यात हक्क मिळावा इतकी स्वतंत्र निर्मिती नाही. नक्कल सिद्ध होणं आणि हक्काचा भंग सिद्ध होणं यांत एवढं अंतर असू शकतं. आपल्या मजकुरातलं खरोखर आपलं काय, हे पत्र लिहिण्याआधी प्रामाणिकपणे तपासा.

पुरावा गोळा करण्याचा क्रम

समोरच्याला कळवण्याआधी पुरावा जपा. कळवल्यावर पान तासाभरात गायब होतं. नुसता स्क्रीनशॉट पुरेसा नाही, तो बनवता येतो. पूर्ण पत्ता दिसेल असं पान पीडीएफ म्हणून उतरवा, मूळ फाइल मिळत असेल तर ती उतरवा, दोन्हींचे हॅश काढा, तारीख-वेळ लिहा. मग तेच पान इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करायला द्या. तिथली नोंद तुमच्या हातची नसते, म्हणून तिला वजन असतं. त्याच ठिकाणी तुमच्या स्वतःच्या पानाची जुनी नोंद आहे का तेही बघून घ्या, कारण आधी कोण, याचं उत्तर बहुतेकदा तिथेच मिळतं.

मग दोन रकान्यांचा तक्ता करा. डावीकडे तुमचा मजकूर पानक्रमांकासह, उजवीकडे त्यांचा, आणि सामाईक चुका सगळ्यात वर. पहिलं पत्र लेखकाला किंवा प्रकाशकाला साध्या भाषेत लिहा. ‘चोरी’ हा शब्द त्यात नको. तक्ता, तारखा, तुम्हाला नेमकं काय हवं आहे ते (श्रेय द्या, मजकूर काढा किंवा परवानगी घ्या) आणि उत्तरासाठी मुदत, एवढं पुरे. उत्तर आलं नाही तर संकेतस्थळ चालवणाऱ्याकडे तक्रार करा. मोठं नुकसान झालं असेल तर पुढचं पत्र वकिलाच्या हातून जाऊ द्या, आणि तोवर समोरच्याशी दुसरा कोणताही पत्रव्यवहार करू नका.